उतरायचा दगड

मास्तरांशी रस्त्यात बोलायचं असेल तर पळायची तयारी लागे. ते सायकलवर, आपण पायी. आपण हाक मारली की ते थांबत नसत, वेग जरासा कमी करून हात पुढे दाखवत आणि म्हणत, "दगडापर्यंत या!" मग धोतर सावरत त्यांच्या मागच्या चाकाशेजारून धावत सुटायचं. पुढे कुठेतरी बाभळीखाली चुन्याचा ठिपका दिलेला एक धोंडा असे. तिथं मास्तर सायकल तिरपी करत, डावा पाय धोंड्यावर टेकवत, खाली उतरत, रुमालानं कपाळ पुसत आणि अगदी सावकाश विचारत, "हां, काय म्हणून राह्यले होते?" तोवर पळणाऱ्याच्या तोंडाला फेस आलेला असे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धक्का बसला. धक्का बसणं हा माझा स्वभावच आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी औरंगाबादेत वाढलेला, इस्त्रीचा कोट घालणारा, नेटका माणूस. निजामाच्या अमलात, दुसरी लढाई चालू असताना, अंबडच्या शाळेत मला नोकरी लागली. राहायला जागा मिळाली ती तिथून काही कोसांवरच्या एका गावात, ह्या थोरल्या मास्तरांच्या माडीवर. ते त्याच शाळेत गणित शिकवत. लोक त्यांना नुसतं 'मास्तर' म्हणत आणि मला 'धाकटे मास्तर'. आम्ही दोघं रोज बरोबर सायकलनं जात-येत असू, आणि रोज एकदा तरी माझ्या तोंडून "अहो मास्तर, हे काय!" निघतच असे.

दगडांचं कारण साधं होतं. मास्तर अंगानं बुटके आणि त्यांची सायकल ताडमाड. रेल्वेतला कुणी एक धिप्पाड गार्ड बदलून गेला, त्याच्याकडून ती त्यांनी घेतली होती. सीटवर बसल्यावर मास्तरांचे पाय जमिनीपासून हातभर वर राहत. मागच्या चाकाच्या खुंटीवर पाय देऊन उडी मारायची रीत त्यांनी एकदा करून पाहिली, तेव्हा पुढचा एक दात गेला. तेव्हापासून त्यांनी उडी मारणं सोडलं. सायकल सोडली नाही. एका उन्हाळ्याच्या सुटीत बैलगाडीत धोंडे भरून त्यांनी घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर जागोजाग टाकले. दारात एक, विहिरीपाशी एक, ओढ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. चढायला दगड, उतरायला दगड. दिवाळीत घराला चुना दिला की उरलेला चुना घेऊन ते दगडांना ठिपके द्यायला निघत.

मी एकदा सुचवलं, जालन्याला जाऊन बेताच्या उंचीची सायकल पाहू या. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दुसरी बायको करायला सांगत होतो.

"धाकटे मास्तर, उंच सायकल म्हंजे हत्ती हाय. हत्तीवर बसायला शिडी लागती, म्हणून कुणी बकरीवर बसतंय का?"

ह्या दगडांनी कमी घोटाळे केले नाहीत. मारुतीच्या देवळाजवळच्या दगडाला एका आषाढात कुणी बाईनं कुंकू लावलं. दुसरीनं त्यावर पाणी घातलं. चुन्याचा ठिपका पाहून तो देवच आहे असं सगळ्या गल्लीनं ठरवलं. सकाळी मास्तर पाय टेकवायला गेले तर तिथं नारळ आणि दोन उदबत्त्या. त्यांनी पाय तसाच हवेत धरला, सायकल डगमगली आणि मास्तर पुढच्या दगडापर्यंत ओरडत गेले, "अवो, त्यो देव न्हाई, माझा दगड हाय!" कुणी ऐकलं नाही. शेवटी त्यांनीच तिथं हात जोडले आणि आपल्यासाठी दहा पावलांवर नवा दगड टाकला. त्याला चुना मात्र लावला नाही.

लढाईमुळे ट्यूब मिळेनाशा झाल्या तेव्हा तर कहर झाला. बाभळीच्या काट्यांनी त्यांच्या ट्यूबची चाळण केलेली. ठिगळाला ठिगळ जोडायलाही जागा उरली नाही, तेव्हा मास्तरांनी जिनिंगमधून सरकी आणली आणि टायरात ठासून भरली. "काटा घुसला तरी हवा जायला हवा हाय कुठं?" म्हणाले. सायकल चालली, बराबर चालली. पण टायरला एका बाजूनं चीर होती, आणि मराठवाड्यातल्या जनावराला सरकीचा वास आला की त्याला दुसरं काही सुचत नाही. ओढा ओलांडेपर्यंत आमच्या मागं म्हशी लागल्या. मास्तर पुढे, म्हशी मागे आणि त्यांच्या मागे काठी उगारून शिव्या देणारा गुराखी. मी अंतर राखून येत होतो. आपली ओळख दाखवण्यात अर्थ नव्हता.

असा हा माणूस. हसण्यावारी नेण्यासारखा. मीही तसाच नेत होतो.

आमच्या गावाच्या आणि अंबडच्या मधे एक गाव लागे. तिथं देशमुखांची गढी होती आणि रस्ता गढीच्या दरवाजासमोरून जाई. गढीसमोरून कुणी बसून जायचं नाही, असा रिवाज. घोड्यावरचा उतरायचा, गाडीतला उतरायचा, छत्री मिटायची. लग्नाची वरात असली तरी नवरदेव उतरून पायी चालायचा. सायकली आल्यावर सायकलवालेही उतरू लागले. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी बोलूनही दाखवत नसे. पहिल्या दिवशी मास्तर उतरले म्हणून मी उतरलो, आणि मग रोज उतरत राहिलो. गढीच्या अलीकडे मास्तरांचा एक दगड होता, पलीकडे दुसरा. मधला तुकडा आम्ही सायकली हातात धरून चालत जात असू. देशमुख सकाळी देवडीत गुडगुडी ओढत बसलेले असत. मास्तर वाकून रामराम करत, ते मान हलवत.

मास्तरांना एकच मुलगा होता. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तो तापानं गेला. मागं सून राहिली. वऱ्हाडातल्या माहेरी सातवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी, सासऱ्यासारखीच बुटकी. वर्षश्राद्ध झाल्यावर भावकी जमली आणि म्हणाली, पोरीचं दुसरं लग्न करा, पाट लावून द्या. त्यांच्यात पाट लागत असे, त्यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मला शिकवायचंय, मामंजी."

भावकीला धक्का बसला, मला बसला. मास्तरांना बसला नाही. त्यांनी तालीम खात्याच्या, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याच्या, कचेरीत इतके खेटे घातले की तिथला चपराशी त्यांना चहा देऊ लागला. अखेर गढीच्या गावात मुलींची शाळा मंजूर झाली. देशमुखांनी मेहेरबानी म्हणून गढीपलीकडची रिकामी पागा वापरायला दिली. घोडे जिथं बांधत तिथं मुली बसू लागल्या. सूनबाई बैलगाडीनं जात. पण गाडी शेतातल्या कामातून सुटेल तेव्हा. पेरणी आली, काढणी आली की दुपारच व्हायची. एक दिवस शाळा तपासणारे मोहतमिम साहेब सकाळीच आले. मुली दारात बसलेल्या, बाईंचा पत्ता नाही. त्यांनी शांतपणे बजावून ठेवलं की पुन्हा बाई वेळेवर दिसल्या नाहीत तर ही शाळा बंद.

त्या रात्री सूनबाई जेवल्या नाहीत. सकाळी मास्तर गोठ्यात गेले आणि मुलाची सायकल खाली काढली. तो गेल्यापासून ती गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगलेली होती. मुलगा आईच्या वळणावरचा, उंच. त्याची सायकलही मास्तरांच्या सायकलीएवढीच उंच. त्यांनी ती अंगणात उभी केली, सीटवरची धूळ धोतरानं पुसली आणि सुनेला म्हणाले, "बस."

मी दात घासत होतो. तोंडातली राखुंडी गिळली.

"अहो मास्तर, बाईमाणूस! सायकलवर? ह्या मुलखात?"

"मंग काय हैदराबादला जाऊन बसवू?"

शिकवणी संध्याकाळी खळ्यावर चाले. मी मागून कॅरिअर धरून पळायचं आणि मास्तरांनी बांधावर उभं राहून हुकूम सोडायचे. "म्होरं बघ! चाकाकडं बघू नको, चाक कुठं पळून जात न्हाई!" डोक्यावर कडब्याचे भारे घेतलेल्या बाया थांबून पाहत आणि भारा खाली ठेवायचंसुद्धा विसरत. भावकीतली एक म्हातारी रोज येऊन तेच म्हणे, "आता सुनंला इमानात बसवा, म्हंजे झालं." सूनबाई काष्टा घट्ट आवळायच्या, पदर खोचायच्या आणि बसायच्या. चार-सहा दिवसांत मी मागून सोडलं तरी त्यांना कळेना.

चढणं-उतरणं मात्र सासऱ्याच्या रीतीनं, दगडावरून. मी म्हटलं, उडी मारायला शिकवा. मास्तर म्हणाले, "नऊवारीत उडी? पदर चाकात गेला म्हंजे? रस्ताभर दगड हायेत की, कोन खाऊन राह्यलं त्यांना?"

आणि मग रोज सकाळी आमची तीन सायकलींची वरात निघू लागली. गढीपाशी सूनबाई अलीकडच्या दगडावर उतरत, पदर डोक्यावरून पुढं ओढत आणि चालत पागेकडे जात. देशमुखांनी पहिल्या दिवशी गुडगुडीची नळी तोंडातून काढली आणि पुन्हा घातली. बाई सायकलवर येते, हे गढीनं कसंबसं पचवलं, कारण ती उतरत होती.

पंधरवडा सुखानं गेला असेल. एक दिवस परीक्षेच्या कामासाठी मास्तर पहाटेच पुढे गेले. मी आणि सूनबाई मागून निघालो. त्या पुढे, मी रीतीप्रमाणे बराच मागे. गढी आली. सूनबाईंनी वेग कमी केला, सायकल कडेला घेतली, डावा पाय सोडला, आणि पाय तसाच लोंबकळत राहिला. दगड नव्हता.

जिथं दगड होता तिथं ओल्या मातीचा खड्डा दिसत होता; मास्तर पहाटे गेले त्यानंतर कुणीतरी तो उपटून नेला असणार. त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. मी ओरडलो, "पलीकडचा! पलीकडचा दगड!" आणि स्वतः उतरून उभा राहिलो, सवयच तशी. सूनबाई तशाच पुढे गेल्या. देवडीत देशमुख होते, जालन्याहून आलेले दोन पाहुणे होते, कारभारी होता. त्यांच्या डोळ्यांसमोरून, सीटवर ताठ बसून, एक विधवा सून सायकल चालवत गेली. भीतीनं मूठ आवळली गेल्यामुळे घंटी सारखी वाजत होती.

पलीकडचा दगडही नव्हता.

रस्त्याचा एक फाटा पुढे गढीला वळसा घालून परत दरवाजासमोरच येतो. त्या वळल्या. मला वाटलं, कुठंतरी पडतील, भिंतीला धडकतील. कसलं काय! मिनिटाभरात घंटी पुन्हा ऐकू आली आणि बाई दुसऱ्यांदा गढीसमोरून गेल्या. कारभारी उठून उभा राहिला. एका पाहुण्याच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. दुसऱ्या वळशात त्या कडब्याच्या गंजीत घुसल्या, अंगावरची चिपाडं झटकली, पागेत गेल्या आणि मुलींचे पाढे घ्यायला लागल्या. वेळेवर.

दुपारपर्यंत पाच गावांत बातमी गेली की मास्तरांच्या सुनेनं गढीचा मान मोडला, एकदा नव्हे, दोनदा. संध्याकाळी गढीचा निरोप आला: सकाळी तिघांनी यावं.

"दोनदा?" मास्तरांनी मला विचारलं.

"दोनदा."

ते मटकन ओट्यावर बसले. मग सुनेला समोर बसवून त्यांनी शाळेतल्या पोराकडून घ्यावं तसं घोकून घेतलं. दगड न्हवता, उतरता आलं न्हाई, माफी असावी. सूनबाईंनी दोन-तीनदा म्हणून दाखवलं. मला हायसं वाटलं. खरं तेच सांगायचं होतं, आणि ते सांगून सुटणारही होतो.

देशमुख रागावलेले नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी मास्तरांना बसायला घोंगडी दिली, पानाचं तबक पुढे केलं. सूनबाई दरवाजाच्या आड उभ्या होत्या. चौकात घोड्यांसाठी नवा दगडी हौद बसवलेला होता. त्याच्या बुडाशी टेकूला दोन धोंडे लावले होते आणि दोन्हीवर चुन्याचे ठिपके होते. गढीच्याच गवंड्यानं नेले होते तर! मी पाहिले. मास्तरांनीही पाहिले.

"मास्तर, तुमच्यावर आमचा राग न्हाई," देशमुख म्हणाले. "बाईमानूस हाय. तिला उतरता आलं न्हाई, घाबरली. बराबर?"

मास्तरांनी मान डोलवायला सुरुवात केली होती.

"मंग ती चीज बंद करा. जिला उतरता येत न्हाई तिनं बसू न्हये. गाडीनं येऊ द्या. उशीर झाला तर झाला, पोरींना कुठं कलेक्टर व्हायचंय?"

मास्तरांची मान थांबली. गाडी म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे शाळा बंद, हे चौकातल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"उतरता येतंय मला."

देशमुखांनी मान वळवली. "मंग?"

"उतरले न्हाई."

मी आयुष्यात खूप धक्के खाल्ले, पण असा नाही. ही बाई धडधडीत खोटं बोलत होती. कालचा तिचा लोंबकळणारा पाय मी ह्या डोळ्यांनी पाहिला होता. मी मास्तरांकडे पाहिलं. आता हा माणूस सावरून घेईल, अशी माझी खात्री होती. ते सुनेकडे बघत होते, तोंड उघडं, पडलेल्या दाताची खिंड दिसत होती. इतकी वर्षं लोकांना धक्के देणाऱ्या ह्या माणसाला धक्का बसलेला मी प्रथमच पाहत होतो.

"तुम्ही सांगा मास्तर," देशमुख म्हणाले. "आमच्या कानावर आलंय, दगड न्हवता तिथं."

हौदाकडे बोट दाखवायचं, बस. तुमच्याच माणसानं नेला म्हणायचं, देशमुख ओशाळले असते, सगळं मिटलं असतं. मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला.

"न्हवता, सरकार. मीच काढला. हितं आता उतरायचं न्हाई, म्हणून काढला."

देशमुखांनी तबकाचं झाकण लावलं. "आजपासून पागेला कुलूप," ते म्हणाले. "अन् गावातली पोरगी ह्या बाईकडं जाणार न्हाई. बघू, कुणाला शिकवता."

बाहेर आल्यावर मास्तर सुनेवर तुटून पडले. "खोटं कशापायी बोलली? म्या काय घोकून घेतल्तं?"

"तुम्ही कशापायी बोललात, मामंजी?"

"मला बिलकुल म्हाईत न्हाई," मास्तर म्हणाले, आणि तोंड फिरवून चालू लागले.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांशी सूनबाई थांबल्या. त्यांच्यात शाळेतल्या मुलींच्या आया होत्या. "उद्यापासून शाळा गावाच्या अलीकडं, चिंचेखाली," एवढंच त्या बोलल्या. बायांनी खाली बघून घागरी उचलल्या. एकीनंही हो म्हटलं नाही.

घरापर्यंत मास्तर एकच गोष्ट बोलत राहिले. मुली आल्या नाहीत तर मोहतमिम साहेब शाळा नेणार, आणि ही पोर पुन्हा चुलीपुढं बसणार. "पोरी येत न्हाईत, धाकटे मास्तर. गढीनं न्हाई म्हटल्यावर कोन पाठविणार? म्या माझ्या हातानं तिची शाळा घालविली." मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

सकाळी तरी आम्ही निघालोच. सूनबाई पुढे, मास्तर मधे, मी मागे. चिंच लांबून दिसली. खाली कुणी नव्हतं. मास्तर मागं वळून मला म्हणाले, "बघा. म्हनलो न्हाई का?" सूनबाईंनी वेग कमी केला नाही. जवळ गेल्यावर त्यांनी घंटी वाजवली.

ओढ्याच्या पात्रातून पोरी वर आल्या. गढीवरून दिसू नये म्हणून त्या आत दडून बसल्या होत्या. सगळ्या नव्हत्या, निम्म्याही नसतील. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ होता. चिंचेपाशी दगड नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं, की त्यांना ते आधीच ठाऊक होतं, मला माहीत नाही. त्या "बाई, बाई" करत धावल्या. कुणी हँडल धरलं, कुणी कॅरिअर, दोघी-तिघींनी सीट. आणि सायकल उभीच्या उभी थांबवली. सूनबाई त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून खाली उतरल्या.

मी उडी मारून उतरलो आणि तिथंच उभा राहिलो. मास्तर रडत होते, उघडपणे, नाक ओढत, दोन्ही हात हँडलवर असल्यामुळे डोळेसुद्धा पुसता येत नव्हते. त्यांनी चिंचेला एक फेरा घातला, मग दुसरा घातला. पोरी बघतच राहिल्या. तिसऱ्या फेऱ्याला मास्तर रडत रडतच ओरडले, "अगं पोरींनो, मला बी धरा की!"